पहिले .२२ पिस्तूल घेताना: स्वस्त कशाला म्हणायचे आणि भरवशाचे कशाला

प्रश्न सांगलीच्या एका चोवीस वर्षांच्या नेमबाज मुलीचा आहे. चार वर्षे १० मीटर एअर पिस्तूल खेळून झाल्यावर त्या आता २५ मीटर पिस्तूल या प्रकाराकडे वळल्या आहेत. आतापर्यंतचा सराव रेंजवरच्या सामाईक पिस्तुलावर झाला असून परवान्याचे आणि संघटनेच्या शिफारशीचे काम शेवटच्या टप्प्यात आहे. त्यांनी विचारले आहे की, खिशाला परवडेल आणि ऐन वेळी दगा देणार नाही असे अर्धस्वयंचलित पिस्तूल कोणते घ्यावे, नवे घ्यावे की वापरलेले, आणि वडिलांकडे स्वसंरक्षणासाठी असलेल्या .३२ पिस्तुलावर सुरुवातीला भागेल का.

.३२ चा विषय आधीच बाजूला ठेवू. महिलांचा २५ मीटर प्रकार ५.६ मिलिमीटर, म्हणजे .२२ लाँग रायफल काडतुसावरच खेळला जातो, त्यामुळे ते पिस्तूल नियमातच बसत नाही. शिवाय स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाच्या साईट, म्हणजे नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच, सहसा पक्क्या बसवलेल्या असतात, ट्रिगर जड असतो आणि मूठ चपटी असते, म्हणून त्यावर सराव केल्याने शिकण्यापेक्षा हात बिघडण्याचीच शक्यता अधिक. परवाना वडिलांच्या नावावर आहे ही गोष्ट तर आहेच.

पिस्तूल निवडताना ब्रँडच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. २५ मीटरचे पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, बॅरल १५३ मिलिमीटरच्या आत आणि दोन साईटमधले अंतर २२० मिलिमीटरच्या आत हवे, आणि ट्रिगरने किमान १,००० ग्रॅम वजन उचलले पाहिजे. एअर पिस्तुलात तुमच्या बोटाला ५०० ग्रॅमची सवय लागलेली आहे, म्हणून हा दुप्पट ट्रिगर पहिले दोन महिने दगडासारखा वाटेल आणि तुम्हाला दोष पिस्तुलाचा आहे असे वाटेल. तो पिस्तुलाचा नसतो. मोजपट्टीचे महत्त्व अशासाठी की, अमेरिकेत नावाजलेली आणि तुलनेने स्वस्त अशी काही पिस्तुले केवळ बॅरलच्या लांबीमुळे आपल्या प्रकारातून बाद होतात. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ४१ हे १९५७ पासूनचे उत्तम पिस्तूल आहे, पण त्याचे सात इंची बॅरल १७८ मिलिमीटर भरते आणि चालत नाही. साडेपाच इंची बॅरल १४० मिलिमीटरचे असल्याने लांबीच्या अटीत बसते. रुगरच्या पावणेसात इंचांहून लांब बॅरलच्या मॉडेलांचेही तेच. कोणी नातेवाईक परदेशातल्या किमती पाहून पिस्तूल सुचवत असतील, तर हे आकडे त्यांना आधी कळवा.

आता भरवसा या शब्दाकडे वळू, कारण खरा प्रश्न तोच आहे. तुमच्या प्रकारात ६० फैरींपैकी पहिल्या ३० संथ असतात, पाच-पाच गोळ्यांच्या सहा सिरीज, प्रत्येकीला पाच मिनिटे. या अर्ध्या भागात जवळपास कोणतेही पिस्तूल भरवशाचे वाटते. दुसऱ्या अर्ध्या भागात हात ४५ अंशांवर खाली धरून थांबायचे, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडायची, मग सात सेकंदांचा विराम, आणि असे पाच वेळा. त्या सात सेकंदांत रिकामे कवच बाहेर पडून पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या घरात, नीट बसले आहे की नाही याचा विचार तुमच्या मनात एकदा जरी डोकावला, तरी पुढची गोळी नऊच्या बाहेर गेली म्हणून समजा. भरवसा म्हणजे हा विचार मनात न येणे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे याच प्रकारातले सुवर्णपदक ३४ अशा बरोबरीनंतर दोन शूट-ऑफ होऊन ठरले होते. तिथे एखादे कवच अडकले असते, तर काय झाले असते याची कल्पना तुम्हाला करता येईल.

हा भरवसा कशावर अवलंबून असतो हे समजण्यासाठी .२२ पिस्तुलाचे काम डोळ्यांसमोर आणावे लागेल. यात बोल्टला, म्हणजे काडतुसामागे मागे-पुढे सरकणाऱ्या तुकड्याला, कुलूप नसते. काडतूस फुटले की वायूचा दाब गोळीला पुढे आणि कवचाला मागे ढकलतो, ते कवचच बोल्टला मागे रेटते, आणि बोल्टचे वजन व रिकॉइल स्प्रिंग मिळून तो धक्का पेलतात. सारा खेळ साधारण अडीच ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळीमागच्या चिमूटभर दारूवर चालतो, त्यामुळे मोठ्या बोअरच्या पिस्तुलात असते तशी ताकदीची शिल्लक इथे नसते. दारू जरा मंद निघाली, स्प्रिंग जरा ताठ असली किंवा बोल्टवर तेल घट्ट झाले असले, की बोल्ट अर्ध्या वाटेतून परततो आणि रिकामे कवच धुराड्यासारखे उभे अडकते. उलट जास्त वेगाची, शिकारीसाठी बनवलेली काडतुसे वापरली तर पिस्तूल धडाधड चालते, पण बोल्ट मागच्या भिंतीवर आदळत राहतो आणि काही हजार फैरींनंतर बफर (धक्का झेलणारा तुकडा), पिना आणि फ्रेम त्याची किंमत मोजतात. त्यात .२२ च्या कवचाला मागे बाहेर आलेली कड असते, आणि मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे सरकली तर वरचे पुढे जाताच अडते. गोळीवर मेणाचा लेप असतो, तो चेंबरच्या तोंडाशी आणि फीड रॅम्पवर (काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते त्यावर) साठत जातो. एवढे सगळे जुळून आले तरच पाच गोळ्या सलग निघतात, आणि यातल्या बहुतेक गोष्टी पिस्तुलावरच्या नावाने ठरत नाहीत.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित उलटा वाटेल, पण आधी काडतूस ठरवा आणि मग पिस्तूल. तुमच्या संघटनेमार्फत किंवा रेंजवर वर्षभर कोणते काडतूस हमखास मिळते याची चौकशी करा. एले कंपनीचे ‘टेनेक्स पिस्तूल’ हे काडतूस चांगले आहे हे सांगायला माझी गरज नाही. प्रश्न ते तुम्हाला मार्चमध्येही मिळेल का, हा आहे. आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी १०० फैरी धरल्या आणि वर्षाचे ५० आठवडे धरले, तर १५,००० काडतुसे होतात. म्हणजे प्रत्येक काडतुसामागे एका रुपयाचा फरक पडला तरी वर्षाला पंधरा हजार रुपयांचा फरक पडतो. पाच-सहा वर्षे खेळणाऱ्याच्या हिशेबात पिस्तूल हा लहान खर्च आहे. जे पिस्तूल फक्त महागड्या काडतुसावरच सुरळीत चालते ते विकत घेताना स्वस्त असले तरी तुमच्यासाठी महाग आहे, आणि जे एसकेच्या पिस्तूल मॅच किंवा सीसीआयच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीसारख्या मधल्या दर्जाच्या काडतुसावर शंभरात शंभर वेळा चालते त्याच्यासाठी सुरुवातीला थोडे जास्त मोजले तरी ते वसूल होते. मॉडेल ४१ बद्दल वर चांगले बोललो असलो तरी काडतुसाच्या बाबतीत ते चोखंदळ आहे असाच माझा अनुभव आहे.

वापरलेले घ्यावे का? माझे उत्तर, पहिले पिस्तूल असेल तर बहुधा होय. वरच्या श्रेणीचे नवे युरोपीय पिस्तूल दोन हजार युरोंच्या आसपास जाते, त्यावर आयातीची प्रक्रिया आणि वाट पाहणे आले. आपल्याकडे आयात सर्वसामान्य परवानाधारकाला खुली नाही, ती पात्र नेमबाजांनाच संघटनेच्या शिफारशीने मिळते. दुसरीकडे, नवे मॉडेल घेऊन जुने विकणारे वरिष्ठ खेळाडू दर मोसमात असतातच. त्यांचे पिस्तूल तुम्ही त्यांच्या हातात चालताना पाहिलेले असते, ते किती वेळा अडले हे शेजारच्या लेनवाल्याला माहीत असते, आणि ही माहिती कोणत्याही वॉरंटीपेक्षा मोलाची आहे.

मॉडेलांबद्दल थोडक्यात आणि माझ्या पूर्वग्रहांसह सांगतो. पार्डिनीचे एसपी हे इटालियन पिस्तूल आपल्या रेंजवर खूप दिसते. त्याचे बॅरल हातावर अगदी खाली बसते, त्यामुळे फैरीनंतर नळी कमी उसळते. पण त्याचा खरा फायदा वेगळा आहे: ते अनेकांकडे असल्याने स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामे कवच ओढून काढणारी नखी) किंवा मॅगझिन उसने मिळू शकते आणि दुरुस्ती जाणणारा माणूस ओळखीत सापडतो. वॉल्थरचे जीएसपी १९६८ पासूनचे आहे. तोंडाकडे जड, दिसायला लोखंडी ठोकळा, आणि ट्रिगरचा संपूर्ण संच एकत्र बाहेर निघतो, त्यामुळे साफसफाई व दुरुस्ती सोपी जाते. नीट ठेवलेले जुने जीएसपी मिळाले तर सुरुवातीसाठी मला दुसरे काही सुचणार नाही. फाइनवेर्कबाउचे एडब्ल्यू ९३ या दोघांपेक्षाही मऊ चालते, पण ते विकणारे सहज सापडत नाहीत आणि सापडले तर किंमत सोडत नाहीत. हॅमर्लीचे २०८ हातात घेतले की मोह होतो, इतके ते सुंदर घडवलेले आहे; परंतु त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, त्यामुळे एकच पिस्तूल बाळगणाऱ्याने तो मोह आवरावा. रशियन इझ ३५ एम पूर्वी स्वस्तात स्वस्त पर्याय होता आणि नेमही चांगला धरतो, मात्र सुटा भाग लागला तर तो कुठून आणणार याचे उत्तर आधी शोधा. तुमची एखादी मैत्रीण अमेरिकेत शिकत असेल आणि तिथल्या क्लबात सुरुवात करणार असेल, तर तिला मी २०१६ मध्ये आलेले रुगर मार्क ४ सुचवीन, कारण ते एक बटण दाबून उघडते (आधीच्या पिढीतली रुगर पिस्तुले खोलणे सोपे आणि जोडणे ही शिक्षा होती). पण त्याचा मूळ ट्रिगर बराच जड असतो आणि आपल्या प्रकारासाठी त्यावर काम करून घ्यावे लागते.

वापरलेले पिस्तूल तपासताना मालकाच्या समोर, रेंजवर, मॅगझिन काढून आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने रिकामे असल्याची खात्री करूनच सुरुवात करावी. सगळ्यात आधी चेंबरचे तोंड पाहा. .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, आणि वारंवार ड्राय फायर केले, म्हणजे काडतूस नसताना ट्रिगर ओढला असेल तर काही पिस्तुलांत ती पिन चेंबरच्या काठावरच ठोके देत राहते. त्याने उठलेला बारीक उंचवटा डोळ्यांना चटकन दिसत नाही. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून काठावरून फिरवा. तंतू अडकले तर तिथे धार आहे आणि उद्या काडतूस तिथेच अडणार आहे. एक्स्ट्रॅक्टरची नखी भिंगातून पाहा, तिचा कोपरा गोल झालेला किंवा तुटलेला नसावा. पिस्तूल उभे धरून एक किलोचे वजन ट्रिगरला लावून उचला, एकदा नव्हे तर पाच वेळा. पाचपैकी एकदा जरी ते सुटले, तर स्पर्धेच्या तपासणीत ते नेमके त्याच वेळी सुटेल. मागची साईट अंगठ्याने हलवून पाहा. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या असतील तर घरगुती कारागिरी झालेली आहे असे समजा, आणि ट्रिगरच्या आसपास अशा खाणाखुणा दिसल्या तर व्यवहार सोडून द्या.

मॅगझिनकडे लोक शेवटी पाहतात, मी पहिल्या दहा मिनिटांत पाहतो. याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक वापरलेले पिस्तूल घेतले होते. बॅरल निर्दोष, ट्रिगर लोण्यासारखा, आणि तरी दर दोन-तीन सिरीजमागे एकदा चौथी गोळी अडायची. रिकॉइल स्प्रिंग बदलली, काडतूस बदलले, चेंबर घासून घासून साफ केले, दीड महिना गेला. शेवटी एका जुन्या आर्मररने (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याने) दोन्ही मॅगझिनांवर काळ्या मार्करने १ आणि २ असे आकडे घालायला सांगितले आणि अडलेल्या प्रत्येक गोळीपुढे मॅगझिनचा आकडा लिहायला लावला. तीन दिवसांत उत्तर मिळाले: सगळे अडथळे २ क्रमांकाच्या मॅगझिनचे होते. त्याचा काडतूस धरून ठेवणारा वरचा एक ओठ केसभर फाकला होता, इतका कमी की दोन्ही मॅगझिने शेजारी धरल्याशिवाय दिसत नव्हता. चौथ्या गोळीला स्प्रिंगचा जोर जिथे उतरतो तिथे काडतुसाचे नाक खाली झुकायचे आणि रॅम्पला टेकायचे. नवे मॅगझिन आणल्यावर ते पिस्तूल नऊ महिने एकदाही अडले नाही. म्हणून तुम्ही पिस्तूल घ्याल तेव्हा निदान तीन मॅगझिने सोबत मागा, त्यांवर आकडे घाला, आणि ती कधीही फरशीवर पडू देऊ नका.

चाचणी तुम्ही ठरवलेल्या काडतुसावरच, आणि निम्मी तरी तीन सेकंदांच्या पद्धतीने घ्यावी. टेकू देऊन संथपणे घेतलेल्या गटावर, म्हणजे लक्ष्यावर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांवर, खूश होऊ नका. एवढा गट ही सगळीच पिस्तुले देतात. शंभर फैरी, वीस सिरीज, सगळी मॅगझिने आळीपाळीने. एकही अडथळा आला नाही तर पुढे जा. एखादी गोळी फुटली नाही, तर ते काडतूस सुरक्षितपणे काढून त्याच्या कडेवरचा ठसा पाहा. ठसा खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा असतो, उथळ असेल तर पिन झिजलेली, स्प्रिंग थकलेली किंवा बोल्ट पूर्ण बंद न झालेला. दोन-तीनदा उथळ ठसा मिळाला, तर किंमत कमी करून मागण्यापेक्षा दुरुस्त करून आणायला सांगा.

मुठीबद्दल दोन वाक्ये अधिक लिहावी लागतील, कारण मुलींच्या बाबतीत इथेच जास्त चुका होतात. वरिष्ठ खेळाडूंकडून आलेले पिस्तूल बहुधा मोठ्या किंवा मध्यम हाताच्या लाकडी ग्रिपसह येते. तुमच्या तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सपाट टेकत नसेल आणि बोट टोकाने ओढत असेल, तर गोळ्या एका बाजूला जातील आणि तुम्ही वर्षभर तंत्र सुधारत बसाल. डोळे मिटून पिस्तूल उचला, उघडल्यावर पुढची साईट मागच्या खाचेच्या मध्यात दिसली पाहिजे. पाचपैकी चार वेळा ती एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप तुमच्या हाताची नाही. लहान मापाची ग्रिप वेगळी मिळते, तिचा खर्च पिस्तुलाच्या किमतीत धरूनच तुलना करा. लाकूड तासायचे असेल तर एकदम नको. कागदाने घासत घासत, आठवडा-आठवडा थांबत करावे. भर घातलेली काढता येते, तासलेले लाकूड परत येत नाही.

देखभालीत सर्वांत मोठा शत्रू आपला पावसाळा आहे. जुलैमध्ये पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवरून सराव करून दमट हवेत पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून ठेवले, तर फोम ओलावा धरतो आणि आठ दिवसांत बोल्टवर तांबूस ठिपके येतात. घरी आल्यावर आधी पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मधूनमधून बदला. बॅरल मात्र रोज घासू नका. शिशाच्या गोळ्यांना ते फारसे लागत नाही आणि तोंडाकडून रॉड घालून केलेल्या उत्साही सफाईने मझलची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड झिजते. रोज साफ करायची जागा म्हणजे चेंबरचे तोंड, बोल्टचा दर्शनी भाग आणि एक्स्ट्रॅक्टरखालची खाच, जिथे मेण आणि काजळी यांचा काळा लगदा साठतो. रिकॉइल स्प्रिंग ही बदलायचीच वस्तू आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला फैरींचा आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा.

इतके करूनही पिस्तूल अडू शकते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला, त्यात बरीच मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ते काही स्वस्तातले पिस्तूल नव्हते. २५ मीटरमध्ये पिस्तूल अडले तर ते लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवायचे, पकड सोडायची नाही आणि मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलवायचे. बोल्ट स्वतः मागे खेचला, तर मान्य होऊ शकणारा अडथळा अमान्य ठरतो आणि न झाडलेल्या गोळ्या शून्यात जातात. मॅगझिन भरायचे राहिले असेल तरीही तो अमान्यच. ही सवय डमी काडतूस वापरून सरावातच लावून घ्या, कारण हाताची स्वाभाविक ओढ बोल्टकडे जाते.

व्यवहार ठरला की विक्रेत्याच्या परवान्यावरची नोंद उतरून तुमच्या परवान्यावर रीतसर चढेपर्यंत पिस्तूल ताब्यात घेऊ नका, ओळख कितीही घट्ट असली तरी. ही नोंद तुमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात होईल; विक्रेते पुण्याचे असतील तर त्यांच्या बाजूने पोलीस आयुक्तालयाचाही संबंध येईल, म्हणून महिना-दीड महिना हाताशी ठेवा. त्या काळात काडतुसांची मागणी नोंदवा, आणि पैसे मोजताना पिस्तुलाच्या आकड्यातून एक नवे मॅगझिन, दोन रिकॉइल स्प्रिंगा, एक एक्स्ट्रॅक्टर, एक फायरिंग पिन आणि घरी बसवायच्या लोखंडी कपाटाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. काडतुसे त्या कपाटात नकोत, त्यांना वेगळे कुलूप करा.